विश्वास आणि खातरजमा

परक्या माणसावर एकाएकी विश्वास टाकू नये, हा धडा आपल्याकडे मुलांना अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. प्रवासात कोणी खाऊ दिला तर घेऊ नये, अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नये, घरात वडीलधारे नसताना दार उघडू नये, ह्या सूचना ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. असे असूनही आज आपल्यापैकी कित्येकजण एका सर्वस्वी अनोळखी माणसाच्या गाडीत, प्रसंगी रात्रीअपरात्री, निःशंकपणे जाऊन बसतात. परगावी गेले असता हॉटेलाऐवजी कोणा अपरिचित कुटुंबाच्या घरातील खोली घेतात. दिल्लीहून जयपूरला किंवा बंगळूरहून म्हैसूरला जावयाचे असेल, तर त्याच वाटेने स्वतःची मोटार घेऊन निघालेल्या एखाद्या गृहस्थाच्या शेजारची जागा मोबाईलवरून राखून ठेवतात. तासाभरापूर्वी ज्याचे नावही ठाऊक नव्हते त्याच्या स्वाधीन आपण आपला जीव करतो. घरमालक असलो तर आपले घर करतो.

ह्या साऱ्या व्यवहाराला 'सहभागाची अर्थव्यवस्था' असे एक गोंडस नाव मिळाले आहे. पैसे घेऊन वापरावयास दिलेल्या वस्तूला सहभाग म्हणावे की भाडे, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. ह्या व्यवस्थेचे पुरस्कर्ते जो मोठा दावा करतात तो वेगळाच आहे. ते म्हणतात, तंत्रज्ञानाने अनोळखी माणसांमध्ये विश्वास निर्माण केला. जे काम धर्माला, नीतिशास्त्राला वा राज्यसंस्थेला शतकानुशतके नीटसे साधले नाही ते ह्या नव्या यंत्रणेने पंचवीस-तीस वर्षांत करून दाखविले. हा दावा खरा असेल तर ती मानवी इतिहासातील फार मोठी घटना म्हणावी लागेल. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९५ साली पिएर ओमिद्यार ह्या तरुणाने अमेरिकेत लिलावाचे एक संकेतस्थळ काढले. तेच पुढे ईबे ह्या नावाने प्रसिद्धीस आले. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी टपालाने वस्तू पाठवाव्यात व पैसे चुकते करावेत, अशी ती योजना. प्रत्येक व्यवहारानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांविषयीचा अभिप्राय सर्वांना दिसेल असा लिहावा, ही सोय त्याने १९९६ साली केली. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को शहरात एक मोठी परिषद भरली व हॉटेले भरून गेली. घरभाडे भागविण्याच्या विवंचनेत असलेल्या दोघा तरुणांनी आपल्या बिऱ्हाडात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांना पैसे घेऊन उतरवून घेतले. त्यातून २००८ साली एअरबीएनबी ही कंपनी निघाली. फ्रान्समध्ये २००६ साली सुरू झालेली व मोटारीतील रिकाम्या जागा प्रवाशांना मिळवून देणारी ब्लाब्लाकार ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये भारतात आली. ओला आणि उबर ह्यांची ओळख करून देण्याचे तर कारणच नाही.

ह्या सर्व योजनांची रीत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. आधी ओळखीची कागदपत्रे तपासावयाची. मग व्यवहार झाल्यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांना एक ते पाच तारे द्यावयाचे व त्यांची सरासरी पुढच्या माणसाला दिसावयाची. पैसे बहुधा मध्यस्थाच्या हातून जावयाचे. एअरबीएनबीमध्ये पाहुणा घरात आल्यावर साधारण चोवीस तासांनी ते यजमानाकडे रवाना होतात. काही विपरीत घडलेच तर नुकसानभरपाईची हमी असावयाची. आपल्याकडे टॅक्सीत बसल्यावर चालकाला चार आकडी ओटीपी सांगावा लागतो, आणि गाडी कोणत्या वळणावर आहे हे घरच्या माणसांना नकाशावर दिसत राहते. ही यंत्रणा निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. ब्लाब्लाकारने न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक अरुण सुंदरराजन ह्यांच्या सहकार्याने केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. संपूर्ण माहिती व अभिप्राय उपलब्ध असलेल्या अनोळखी सभासदावर आपला दाट विश्वास असल्याचे तीत ८८ टक्के लोकांनी सांगितले. शेजाऱ्याविषयी तसे सांगणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. पाहणी कंपनीचीच आणि तिच्याच सभासदांची, हे ध्यानात ठेवूनही तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

परंतु 'विश्वास' हा शब्द येथे नेमका कोणत्या अर्थाने आला आहे? मराठीत ह्याच प्रांतातला दुसरा एक शब्द आहे: खातरजमा. दोन्ही शब्दांच्या मुळाशी मनाची स्वस्थताच आहे. विश्वासातला 'श्वस्' हा धातू श्वासाचा. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. 'खातिर' म्हणजे मन. ते विखुरलेले असता गोळा होऊन थाऱ्यावर आले की खातिर जमा झाली. मात्र ह्या शब्दांना जोडून येणारी क्रियापदे पाहावीत. खातरजमा आपण 'करून घेतो'. विश्वास आपण 'टाकतो' किंवा 'ठेवतो'. एकीत काही मिळवावयाचे असते, दुसऱ्यात काही स्वाधीन करावयाचे असते. आणि आणखी एक भेद असा की विश्वासाचा घात होतो. खातरजमेचा घात होत नाही. खातरजमा फार तर चुकीची ठरते.

ॲनेट बायर ह्या तत्त्वचिंतिकेने १९८६ साली लिहिलेल्या एका निबंधात हाच भेद कांटच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. कांटच्या फिरावयास निघण्याच्या वेळेवर कोनिग्सबर्गचे शेजारी आपली घड्याळे लावीत, अशी आख्यायिका आहे. एखाद्या दिवशी कांट उशिरा उठला असता तर शेजाऱ्यांची गैरसोय झाली असती, परंतु त्याने आपल्याला दगा दिला असे कोणी म्हटले नसते. कारण ते त्याच्यावर विसंबून होते एवढेच. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने मात्र वचन मोडले तर मनाला जी जखम होते ती निराळी. तिच्यात त्या माणसाने आपल्याशी बांधून घेतलेले काहीतरी तुटते. आता आपण स्वतःलाच विचारावे: टॅक्सीत बसताना आपला विश्वास कोणावर असतो? चालकावर, की चालकावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेवर? ओटीपी नाही, नकाशा नाही, तारे नाहीत, असा तोच चालक तीच गाडी घेऊन रात्री अकरा वाजता स्टेशनाबाहेर उभा राहिला, तर आपण बसू काय? बसणार नसू, तर तंत्रज्ञानाने जी निर्माण केली ती खातरजमा होय. तिला विश्वास म्हणणे हा शब्दाचा सैल वापर आहे.

एवढ्यावरून ह्या यंत्रणेला नावे ठेवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. 'आमच्या वेळी माणसे एकमेकांवर विश्वास ठेवीत, आता यंत्रावर ठेवतात' हे उद्गार ऐकावयास बरे वाटतात. पण त्या जुन्या विश्वासाचेही पृथक्करण केले पाहिजे. तोशिओ यामागिशी ह्या जपानी समाजमानसशास्त्रज्ञाने १९९४ पासून ह्या विषयावर महत्त्वाचे लेखन केले. जपानी समाज घट्ट विणीचा, म्हणून तेथे परस्परविश्वास अधिक असेल असा सर्वसाधारण समज. परंतु अनोळखी माणसाविषयीचा विश्वास जपानी लोकांपेक्षा अमेरिकन लोकांत अधिक आढळतो, असे त्याने दाखविले. त्याचे स्पष्टीकरण असे की घट्ट विणीच्या समाजात माणूस निर्धास्त असतो तो इतरांच्या सचोटीमुळे नव्हे. फसवणूक करणाऱ्याला त्या वर्तुळाबाहेर जावयास वाट नसते म्हणून. आपल्या खेड्यातील 'लोक काय म्हणतील' ह्याची धास्ती ती हीच. चावडीवर ज्याची त्याची कीर्ती-अपकीर्ती नोंदली जात होती. ॲपने ती चावडी हातात मावेल एवढी केली आहे. तेव्हा जुनी रीत विश्वासाची आणि नवी खातरजमेची, असा सरळ भाग पाडता येत नाही.

ही गोष्ट आपणा बृहन्महाराष्ट्रीयांइतकी कोणाला ठाऊक असेल? बदलीचा हुकूम घेऊन परक्या शहरात उतरलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी महाराष्ट्र मंडळाची वाट विचारतो. तेथे कोणीतरी 'आपण मूळचे कुठले?' म्हणून चौकशी करतो, मग 'म्हणजे अमक्यांपैकी का?' अशी पुढची कडी जुळते, आणि आठवड्याच्या आत घराचा, स्वयंपाकाच्या बाईचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न सुटतो. ह्या आपुलकीचे ऋण मी तरी नाकारणार नाही. परंतु ज्या आडनावाने एक दार उघडते, त्याच रीतीने दुसऱ्या आडनावाला ते बंद होते. माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्याला तीन घरमालकांनी फोनवर घर रिकामे असल्याचे सांगितले, आणि समक्ष नाव ऐकताच तिघांनीही ते 'कालच गेले' म्हणून सांगितले. त्याला अखेर सरकारी निवासस्थानाच्या यादीत आपला क्रमांक येईपर्यंत वाट पाहावी लागली. त्या यादीला माया नाही. पण ती आडनावही विचारीत नाही. ज्याच्यामागे कोणी ओळखीचे नाही त्याला ह्या कोरडेपणाची किंमत कळते. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीला, परभाषक प्रांतात नव्याने आलेल्या तरुणाला, ज्याला 'कोणापैकी' ह्याचे सांगण्याजोगे उत्तर नाही अशा कोणालाही ॲपने दार उघडून दिले असेल, तर तो नैतिक लाभच मानला पाहिजे.

अर्थात यंत्र आडनाव विचारीत नसले तरी यंत्रामागचा माणूस ते वाचतो. हार्वर्डमधील तिघा संशोधकांनी २०१५ साली अमेरिकेतील पाच शहरांत सुमारे ६,४०० एअरबीएनबी यजमानांकडे खोलीसाठी मागणी पाठविली. मजकूर सारखाच होता. फरक होता तो केवळ पाहुण्याच्या नावाचा. कृष्णवर्णीयांत प्रचलित असलेल्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण गोऱ्या नावांच्या मानाने सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरले. बराच बोभाटा झाल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात कंपनीने असा बदल केला की यजमानाने होकार दिल्यानंतरच त्याला पाहुण्याचे छायाचित्र दिसावे. ह्यातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. परस्परांचा विश्वास वाढावा म्हणून आधी चेहरा दाखविला. त्या चेहऱ्यानेच अविश्वास जागा केला, तेव्हा तो झाकावा लागला. अधिक माहिती म्हणजे अधिक विश्वास, हे समीकरण येथे फसते.

ते दुसऱ्या बाजूनेही फसते. ५ डिसेंबर २०१४ च्या रात्री दिल्लीत उबरच्या एका चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर पूर्वीही गंभीर आरोप झालेले होते, आणि त्याच्या नावे असलेला चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचे पोलिसांच्या तपासात निष्पन्न झाले. २०१५ साली न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली. दाखल्यावर शिक्का असतो, शिक्क्यावर सही असते. आम्ही कचेरीतली माणसे हे जाणतो की कागदाची खातरजमा दुसऱ्या कागदाने करता येते आणि दुसऱ्याची तिसऱ्याने, पण ही साखळी कोठेतरी एका माणसाच्या सचोटीवर येऊन थांबते. ह्या घटनेनंतर भारतातील ॲपमध्ये संकटसमयी दाबावयाचे बटण आले. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ साली पाहुण्यांनी एका यजमानीणबाईंच्या घराची नासधूस केली, तेव्हा एअरबीएनबीने पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या भरपाईची हमी दिली व पुढच्याच वर्षी ती दहा लाखांवर नेली. प्रत्येक दुर्घटनेनंतर दाराला एक कुलूप वाढत गेले. ह्या कुलपांची थट्टा करण्याचा अधिकार निदान पुरुषांना तरी नाही. रात्री एकट्याने घरी परतणाऱ्या मुलीला विश्वासाचे तत्त्वज्ञान ऐकविण्यापेक्षा ते बटण चालू असेल हे पाहणे हेच आपले कर्तव्य होय. एवढेच म्हणावयाचे की दहा कुलपांची बेरीज म्हणजे विश्वास नव्हे.

आता ताऱ्यांकडे वळू, कारण खरा नैतिक पेच तेथे आहे. २०१५ साली बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी पाहिले तेव्हा एअरबीएनबीवरील सुमारे ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच ताऱ्यांची होती. सगळेच उत्तम! ह्याला सौजन्य कारण असेल, भीतीही आहे. ईबेवर खरेदीदाराने वाईट अभिप्राय दिला की विक्रेताही सूड म्हणून तसाच देई. म्हणून २००८ साली विक्रेत्यांचा खरेदीदाराविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. एअरबीएनबीने २०१४ पासून दोन्ही अभिप्राय एकाच वेळी उघड करण्यास सुरुवात केली, ती ह्याच कारणाने. हुंडीच्या व्यवहारात 'शहाजोग' हुंडी म्हणून एक प्रकार असे. तिचे पैसे पेढीवर येणाऱ्या कोणालाही न देता बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित शहालाच द्यावयाचे. अनोळखी माणसाला पैसे हवे असतील तर अशा शहाच्या मार्फत यावे लागे. त्या काळी शहाजोग म्हणजे विश्वसनीय. आज आपण कोणाला शहाजोग म्हटले तर तो वरवरचा साळसूदपणा दाखवीत आहे असा अर्थ होतो. प्रतिष्ठा दाखविण्याची वस्तू झाली की तिचे सोंगही करता येते, हे आपल्या भाषेने केव्हाच नोंदवून ठेवले आहे.

सगळेच पाच तारे मिळवू लागले की चार ताऱ्यांना काय अर्थ उरतो? ह्याचे उत्तर सरकारी नोकराला वेगळे सांगावयास नको. सीमा सडक संघटनेतील देव दत्त ह्या कार्यकारी अभियंत्याच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी लागोपाठ पाच वर्षे 'फार चांगला' हवा होता. सबब ती हुकली. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नसल्यामुळे तो त्यांना कळविण्यातही आला नव्हता. २००८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शेऱ्याचे शब्द कोणतेही असोत, ज्याने माणसाची बढती जाते त्याचा परिणाम प्रतिकूलच होय. म्हणून प्रत्येक शेरा संबंधिताला कळविला पाहिजे व त्याविरुद्ध दाद मागण्याची संधी त्याला दिली पाहिजे. २००९ पासून संपूर्ण वार्षिक अहवाल आपल्या हाती पडू लागला तो त्यानंतरच. शिवाय चौकशी केल्यावाचून व म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपल्याला बडतर्फ करता येत नाही, हे संरक्षण घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने दिलेले आहेच.

हे सारे संरक्षण पाठीशी घेऊन आपण टॅक्सीच्या मागच्या आसनावर बसतो, आणि उतरताना अंगठ्याच्या एका स्पर्शाने दुसऱ्या माणसाचा गोपनीय अहवाल लिहून टाकतो. गेल्या हिवाळ्यात स्टेशनावरून घरी येताना एका चालकाने मला अजिजीने विचारले, "साहब, पाँच सितारे दे देंगे न?" आदल्या दिवशी मिरवणुकीमुळे रस्ता बंद होता, प्रवाशाची गाडी चुकली, आणि त्याने एक तारा देऊन राग काढला. मिरवणुकीची नोंद कोठे होणार? सरासरी एका मर्यादेच्या खाली घसरली तर त्याचे खाते बंद होऊ शकते, आणि गाडीचे हप्ते मात्र चालू राहतात. चावडीवर माणसाला निदान 'अहो, पण झाले असे की' एवढे म्हणता येत असे. चावडीचा न्याय पुष्कळदा अन्यायच असे, हे खरे. तरी तेथे समोर माणूस असे. आकड्याला कारण सांगता येत नाही. ह्या उणिवेची जाणीव आता कायद्याला होऊ लागली आहे. ॲपच्या आधारे काम करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ साली देशातील पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केलेल्या कायद्यात लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्यावाचून काम बंद करू नये असे बंधन घातले. खातरजमा मागणाऱ्याने ज्याची खातरजमा करावयाची त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे न्यायाचे अगदी प्राथमिक तत्त्व आहे. ते पाळल्याने प्रवाशाच्या सुरक्षिततेत तिळमात्र उणे येत नाही.

मग विश्वास म्हणतात तो कोठे पाहावा? देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकांच्या परिचयाचे झालेले मृच्छकटिकाचे कथानक आठवावे. वसंतसेना आपले अलंकार चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. त्याचे घर पडके आहे, दाराला म्हणावा तसा बंदोबस्त नाही. ती घराकडे पाहत नाही, त्याच्याकडे पाहते. पुढे शर्विलक भिंत फोडून ते अलंकार चोरतो. चारुदत्ताचा त्यात काडीचाही दोष नाही, पण दरिद्री माणसाचे हे म्हणणे कोण खरे मानणार, ह्या विचाराने तो व्याकुळ होतो. त्याची पत्नी धूता माहेरची रत्नमाला पुढे करते, आणि अलंकार आपण द्यूतात हरलो असे खोटेच कळवून तो ती वसंतसेनेकडे पाठवितो. लोकापवादाची भीती चारुदत्तालाही आहे, हे लपवावयाचे कारण नाही. परंतु तेवढीच असती तर चोरीची वर्दी देऊन तो मोकळा झाला असता. ठेव आपल्या स्वाधीन केली गेली, म्हणून तिचे उत्तर आपण स्वतः, आपल्या पदरचे देऊन दिले पाहिजे, असे त्याला वाटते.

एअरबीएनबीच्या हमीने काय साधते आणि काय साधत नाही, ते ह्या तुलनेने उमगते. नुकसान भरून निघते, आणि ते भरून निघणे हे काही थोडे नव्हे. परंतु ज्याने घराची नासधूस केली आणि ज्याची झाली, त्या दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलावे लागत नाही. मध्यस्थ दोघांच्याही वतीने सर्व उरकतो. यजमान कंपनीवर विसंबतो, पाहुणाही कंपनीवर विसंबतो. त्यांचे एकमेकांशी काही बांधलेले नसते. अनोळखी माणसे जवळ आली, पण ओळखीची झाली नाहीत. माझ्या मते ह्या व्यवस्थेचे यश आणि मर्यादा दोन्ही ह्यातच आहेत. अनोळखी राहूनही एकमेकांच्या उपयोगी पडता येते, हे तिचे यश. एकमेकांना उत्तर देण्याचे बंधन निर्माण करणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, ही तिची मर्यादा.

आणि बंधनाचे काम यंत्रणेकडे सोपविण्याची एकदा सवय लागली की ज्या ठिकाणी यंत्रणा नाही तेथे माणूस पांगळा होतो, हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. शेजाऱ्यापेक्षा तारांकित अनोळखी माणूस अधिक भरवशाचा वाटू लागला आहे, असे ती पाहणी सांगते. तसे का व्हावे? शेजाऱ्याच्या नावापुढे तारे नाहीत म्हणून. त्याची परीक्षा आपण कधी घेतलेली नसते आणि त्याला आपली घेऊ दिलेली नसते म्हणून. विश्वास हा वापराने वाढतो. काहीएक धोका पत्करून प्रथम कोणीतरी तो टाकावा लागतो. टाकलेल्या विश्वासाने समोरचा माणूस पुष्कळदा विश्वासास पात्र होतो. सतत पाळतीखाली असलेल्या माणसाला तशी संधीच मिळत नाही, कारण त्याने सचोटीने वागावयाचे ठरविले काय किंवा केवळ भयाने काय, दिसण्यात फरक पडत नाही.

तात्पर्य, खातरजमा जरूर मागावी; जेथे जीव वा अब्रू पणाला लागते तेथे तर हट्टाने मागावी. ती जात, आडनाव व ओळखपाळख ह्यांच्या पलीकडच्या माणसाला दार उघडून देते, म्हणून तिचा आदरही करावा. परंतु तारे देताना आपण एका माणसाचा अहवाल लिहीत आहोत, आणि तो वाचून उत्तर देण्याची सोय त्याला बहुधा नाही, हे स्मरून लिहावे. ज्या कारणावर त्याचा ताबा नव्हता त्याचा दंड त्याला करू नये. आणि खरोखरच धोका दिसला तर संकोचाने पाच तारे देऊनही टाकू नयेत, कारण पुढचा प्रवासी तेवढ्याच आधारावर त्या गाडीत बसणार असतो.

आणि जेथे तारे नाहीत, तेथे थोडा विश्वास टाकण्याचा सराव राहू द्यावा. दूरच्या प्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे प्रसंग घरबसल्या येतात. रजेवर गावी निघताना किल्ली शेजारच्या तमिळ किंवा बंगाली कुटुंबाकडे ठेवण्याचा रिवाज आपल्या वसाहतींतून अजून सर्वस्वी गेलेला नाही. त्या किल्लीची पावती कोणी घेत नाही. परत आल्यावर झाडांना पाणी घातलेले असते, क्वचित एखादी कुंडी फुटलेलीही असते. आणि ती कशी फुटली हे शेजारी स्वतः येऊन सांगतो.